सौजन्याचे शब्द
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवांत दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या समितीनें मला भाषणाचा विषय विचारला, तेव्हां मीं "सौजन्याचे शब्द" असें उत्तर दिलें. समितींतील एक तरुण सभासद हंसून म्हणाले, "मास्तर, पन्नास वर्षांच्या इतिहासांतून तुम्हांला 'नमस्कार' आणि 'आभार' एवढेंच सांपडलें काय?" त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. विषय लहान आहे. परंतु चावी ही घरापेक्षां लहानच असते, आणि तिच्यावांचून दार उघडत नाहीं. म्हणून आपला थोडा वेळ घेण्याची परवानगी मागतों.

आरंभीं एक घरगुती गोष्ट सांगतों. मी तेव्हां दहा वर्षांचा असेन. माझे वडील वाडींत पानवेल व केळीं पिकविणारे शेतकरी, अक्षरओळख सहीपुरती. एका कागदासाठीं ते मला बरोबर घेऊन मुंबईस एका कचेरींत गेले. दोन तास बांकावर बसल्यावर आमचा पुकारा झाला. वडील टेबलापाशीं गेले आणि आमच्या घरच्या बोलींत सर्वांशीं बोलतात तसेंच म्हणाले, "सायबा, तेवढा कागद दे." समोरचे गृहस्थ मराठीच होते. ते वडिलांस कांहीं बोलले नाहींत. माझ्याकडे वळून म्हणाले, "शाळेंत जातोस ना? मग बापाला प्लीज म्हणायला शिकव. अरे-तुरे करतो!" सभोंवारचे लोक हंसले. कागद मात्र मिळाला. निघतांना वडिलांनीं हात जोडले व ते म्हणाले, "देव तुझें भलें करो." त्यावर पुन्हां हंशा झाला, कारण त्यांतही 'तुझें' होतेंच.

बंधुभगिनींनो, त्या दिवशीं मला त्या गृहस्थाचा राग आला नाहीं. मला वडिलांची लाज वाटली. परततांना आगगाडींत मी त्यांच्यापासून दूर, दाराशीं उभा राहिलों. ही लाज मीं पुष्कळ वर्षें मनांत बाळगली. पुढें शिक्षक झालों, चार भाषांशीं परिचय झाला, आणि हळूहळू मला कळून आलें कीं, त्या कचेरींत त्या दिवशीं सर्वांत सभ्य बोलणारा मनुष्य माझा बापच होता. तें कसें, हें सांगणें हाच आजच्या भाषणाचा हेतु.

प्रथम तो 'प्लीज' शब्दच पाहूं. इंग्रजांच्या जुन्या बोलण्यांत "आपली मर्जी असल्यास" असें एक सबंध वाक्य होतें. तें झिजतां झिजतां 'प्लीज' एवढेंच उरलें. फ्रेंच लोक अजूनही तें वाक्य पुरें म्हणतात, 'सील् व्हू प्ले'. अर्थ तोच, "आपणांस रुचल्यास". पोर्तुगीज मनुष्य 'पोर् फाव्होर्' म्हणतो, म्हणजे "कृपा म्हणून". इटालियन मनुष्य 'प्रेगो' म्हणतो, त्याचा मूळ अर्थ "मी प्रार्थितों" असा आहे. या सर्व भाषांनीं आर्जवासाठीं वाक्याबाहेर एक वेगळा शब्द ठेविला आहे. मराठीनें तें आर्जव क्रियापदाच्या पोटांत ठेविलें. दे, द्या, देतां का, द्याल का, द्यावें, द्यावें ही विनंति: एकाच धातूच्या या सहा पायऱ्या आहेत, आणि कोणत्या पायरीवर उभें राहावें हें मराठी मूल आईच्या मांडीवर शिकतें. शिवाय 'जरा', 'बरें का', 'तेवढें' असे बारीक शब्द आहेत. "मीठ द्या" ही मागणी झाली. "तेवढें मीठ द्या" ही विनवणी झाली. माझ्या वडिलांनीं "तेवढा कागद" म्हटलें होतें. त्या गृहस्थांनीं 'दे' ऐकला. 'तेवढा' ऐकला नाहीं. प्लीज तेथेंच होतें. फक्त तें मराठींत होतें.

आतां त्या 'तू'विषयीं. आमच्या मराठींत 'तू' हा सर्वांत धाकट्यासाठीं आहे आणि सर्वांत जवळच्यासाठींही आहे. आपण "अहो बाबा" म्हणतों, पण "ए आई" म्हणतों. त्यावरून आईचा मान कमी आहे असें कोणी म्हणेल काय? देवाशीं बोलतांना आपण 'तू' म्हणतों. इंग्रजींतील एकवचनी 'दाऊ' हा शब्द रोजच्या बोलण्यांतून गेला, परंतु प्रार्थनेंत राहिला. पोर्तुगीजांनीं उलट दिशेनें प्रवास केला. मोठ्या माणसास ते 'व्होसा मेर्से' म्हणजे "आपली कृपा" असें संबोधीत. तें घासून घासून आज 'व्होसे' झालें आहे, आणि ब्राझिल देशांत बहुतेक ठिकाणीं मित्र मित्रास सर्रास व्होसे म्हणतो. मानाचे शब्द असे झिजतात आणि जवळिकीचे शब्द मानास चढतात. म्हणून कोणी परक्या बोलीचा मनुष्य आपणांस 'तू' म्हणाला, तर लगेच चिडूं नये; तो आपणांस कदाचित् आईच्या पंक्तीस बसवीत असेल.

आपल्या भाषेंत सौजन्याची उणीव आहे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं जुनीं मराठी पत्रें पाहावीं. वडिलांस लिहितांना 'शिरसाष्टांग नमस्कार', बरोबरीच्यास 'साष्टांग नमस्कार विनंति विशेष', धाकट्यास 'अनेक उत्तम आशीर्वाद'. हे मायने इतके नित्याचे होते कीं, त्यांचीं केवळ आद्याक्षरें लिहिलीं तरी चालत. शेवटीं "लोभ असावा ही विनंति". यापुढें आणखी कोणतें सौजन्य हवें? मुसलमानी राजवटींतून 'मेहेरबानी', 'माफी', 'मर्जी' हे शब्द आपण घेतले. 'तसदी' हा शब्दही तेथलाच. मुळांत त्याचा अर्थ डोकेंदुखी असा आहे. "आपणांस तसदी देतों" म्हणजे "आपलें डोकें दुखवितों, क्षमा असावी", असें आपण नकळत बोलत असतों.

येथें एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत येते. आमच्या वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. त्यांच्या भाषेंतून मराठीनें पाव घेतला, बटाटा घेतला, चावी, पगार, बिजागरी, बादली घेतली, तुरुंगही घेतला. परंतु 'ओब्रिगादु' हा त्यांचा आभाराचा शब्द मराठींत आला नाहीं. मला याचें कारण असें दिसतें कीं, वस्तु नवी असली म्हणजे तिच्याबरोबर नांव येतें. आभार मानणें ही आपल्याकडे नवी वस्तु नव्हती.

मग निरनिराळे लोक आभार मानतांना नेमकें काय म्हणतात? शब्दांचें कवच फोडून आंतला गर पाहिला, तर मोठी मौज वाटते.

कांहीं भाषांत मनुष्य म्हणतो, "मी बांधला गेलों." ओब्रिगादु याचा हाच अर्थ आहे, म्हणून पुरुष 'ओब्रिगादु' म्हणतो आणि स्त्री 'ओब्रिगादा' म्हणते. आपण 'बांधलों गेलों' आणि 'बांधली गेलें' असा भेद करतों, तसाच हा भेद. आपला 'आभारी' याच कुळांतला. त्यांतला 'भार' स्पष्ट दिसतो. दुसऱ्याचें ओझें मी डोक्यावर घेतलें आहे, असें आपण कबूल करतों. 'धन्यवाद' हा शब्द वेगळ्या कुळांतला. त्यांत माझ्या ओझ्याची गोष्ट नाहीं, समोरच्यास "धन्य" म्हणण्याची आहे.

कांहीं भाषांत मनुष्य म्हणतो, "हें मला फेडतां येणार नाहीं, देव फेडील." ऑस्ट्रिया व बव्हेरिया येथील खेड्यांत आभारासाठीं 'फेरगेल्ट्स गॉट' म्हणतात, अर्थ, "देव याची फेड करो". स्पॅनिश लोकांत 'दिओस से लो पागे' म्हणण्याची जुनी रीत आहे. यांतला 'पागे' म्हणजे आपल्या 'पगारा'चाच भाऊ: "देव तुम्हांस याचा पगार देवो." आणि गोव्याचा आपला कोंकणी बांधव म्हणतो, "देव बरें करूं." हें प्रथम ऐकिलें तेव्हां मी विशींत होतों, आणि ऐकतांच मला त्या कचेरींतला हंशा आठवला. "देव तुझें भलें करो." माझ्या वडिलांनीं आभार मानले होते. पुरते मानले होते. तेथें बसलेल्यांस ते आभार वाटले नाहींत, आणि मलाही वाटले नाहींत.

आणखी कांहीं भाषांत मनुष्य मिळालेल्या गोष्टीची थोरवी सांगतो. मलायी भाषेंत 'तेरिमा कासिह' म्हणतात. शब्दशः "प्रेम घ्यावें". फ्रेंच 'मेर्सी' हा ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचा अर्थ प्रथम मोबदला असा होता, पुढें कृपा व दया असा झाला. स्पॅनिश 'ग्रासिआस' आणि इटालियन 'ग्रात्सिए' यांत तर कृपा हाच शब्द आहे. ग्रीक मनुष्य दुकानदारापासून सुटे पैसे घेतांनाही 'एफ्खारिस्तो' म्हणतो. हा शब्द आपणांस ओळखीचा वाटला पाहिजे, कारण 'युखारिस्त' तोच. ज्या पवित्र विधीसाठीं आपण दर रविवारीं येथें जमतों, त्याच्या ग्रीक नांवाचा अर्थ "आभार मानणें" एवढाच आहे. संत लूक यांच्या शुभवर्तमानांत दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि एकच परत आला, तेथेंही मूळ ग्रीकांत हेंच क्रियापद आहे. आणि तो परत आलेला एकटा कोण होता? परक्या जातीचा, परक्या पंथाचा शोमरोनी.

जपानी 'आरिगातो' हा याहून निराळा. त्याचा मूळ अर्थ "असणें कठीण", म्हणजे दुर्मिळ, असा आहे. तुम्हीं माझ्यासाठीं जें केलें तें जगांत सहज आढळत नाहीं, असें तो शब्द सांगतो. आपल्याकडे पुष्कळ जण अभिमानानें सांगतात कीं, आरिगातो हा पोर्तुगीज ओब्रिगादुपासून निघाला. ऐकायला गोष्ट गोड आहे, परंतु खरी नाहीं. पोर्तुगीज जपानांत १५४३ सालीं पोंचले. आणि सेई शोनागोन नांवाच्या जपानी लेखिकेनें इसवी सनाच्या सुमारें १००० व्या वर्षीं लिहिलेल्या पुस्तकांत 'दुर्मिळ गोष्टीं'ची एक यादी आहे, तिच्या मथळ्यांतच हा शब्द आला आहे. पोर्तुगीजांनीं जपानी भाषेस दुसरे शब्द दिले. जपानी लोक भाकरीस 'पान' म्हणतात, आणि तो आपल्या 'पावा'चा सख्खा भाऊ आहे. परंतु आभाराचा शब्द त्यांचा स्वतःचा आहे, जसा आपला आपला आहे.

जपानचें नांव निघालें म्हणजे वसईकरांस संत गोन्सालो गार्सिया यांचें स्मरण झाल्यावांचून राहत नाहीं. सुमारें १५५७ सालीं ते वसईस जन्मले, कोंवळ्या वयांत मिशनऱ्यांबरोबर जपानास गेले, तेथें धर्मशिक्षकाचें काम केलें, कांहीं काळ व्यापार केला, आणि पुढें मनिला येथें फ्रान्सिस्कन बंधु झाले. १५९३ सालीं मनिलाहून पेद्रो बाप्तिस्ता हे वकील म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे गेले, तेव्हां दुभाषी म्हणून हे वसईचे गोन्सालो बरोबर होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह त्यांस क्रुसावर मरण आलें. १८६२ सालीं नववे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें.

त्यांच्या हौतात्म्याविषयीं आपण पुष्कळ प्रवचनें ऐकिलीं आहेत. त्यांच्या दुभाषेपणाविषयीं फार थोडें ऐकिलें आहे. जपानी भाषेंतही आर्जव क्रियापदाच्या आंत असतें. कोणी कोणास दिलें, वरच्यानें खालच्यास कीं खालच्यानें वरच्यास, याप्रमाणें 'देणें' या एका क्रियेस वेगवेगळीं क्रियापदें आहेत. विनंतीचा नेहमींचा शब्द 'कुदासाई' हा वरून खालीं देण्याच्या मानार्थी क्रियापदाचेंच आज्ञार्थी रूप आहे. जेवणापूर्वीं जपानी मनुष्य 'इतादाकिमास' म्हणतो, म्हणजे "नम्रपणें स्वीकारतों". प्रकृति कशी आहे असें विचारलें तर 'ओकागेसामा दे' म्हणतो, म्हणजे "आपल्या छायेमुळें बरी आहे". आपण "आपल्या कृपेनें ठीक आहें" म्हणतों त्याच जातीचें हें उत्तर. 'सुमिमासेन' हा शब्द क्षमा मागण्यासही चालतो आणि आभार मानण्यासही, कारण त्याचा अर्थ "हें फिटत नाहीं" असा आहे. जोआंव रोद्रिगेस या पोर्तुगीज मिशनऱ्यानें १६०४ ते १६०८ या काळांत नागासाकीस जपानी व्याकरण छापलें, त्यांत या मानार्थी रूपांचें विस्तारानें विवेचन करावें लागलें. अशा भाषेंत राज्यकर्त्यापुढें दुसऱ्याचें बोलणें मांडणें म्हणजे काय, याचा विचार करा. आपल्या मातींतल्या एका मुलानें तें साधलें होतें.

दुसऱ्याची भाषा शिकणाऱ्यांत आणखी एकाचें नांव घेणें अवश्य आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज. १५७९ सालीं गोव्यास आले, आणि १६१६ सालीं त्यांचें ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत छापून निघालें. कोंकणीचें त्यांचें व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० सालीं प्रसिद्ध झालें. एवढा मोठा पंडितही पहिल्या दिवशीं गोव्याच्या धक्क्यावर उतरला तेव्हां एक-दोन शब्दांनींच सुरुवात करीत असेल.

आतां भेटीचे व निरोपाचे शब्द. यांत देव फार वेळां येतो. आयर्लंडांत एक जण "देव तुझ्यासह" म्हणतो, तर दुसरा "देव आणि मरिया तुझ्यासह" असें उत्तर देतो. नमस्कार परत करतांना त्यांत भर घालून परत करावा, ही किती सुंदर रीत! पोर्तुगीज 'आदेउस', स्पॅनिश 'आदिओस', फ्रेंच 'आद्य' या तिन्हींचा अर्थ "देवाकडे", म्हणजे तुला देवाच्या हातीं सोंपवितों. इंग्रजी 'गुडबाय' हेंही "देव तुमच्यासह असो" या वाक्याचें झिजलेलें रूप आहे. मुलें मोबाइलवर 'बाय' म्हणतात तेव्हां त्या वाक्याचें एक शेंपूट तेवढें उरतें. हिब्रू 'शालोम' आणि अरबी 'सलाम' यांचा अर्थ शांति. पुनरुत्थित प्रभूनें शिष्यांस हाच नमस्कार केला. कोंकणींत निरोप घेतांना 'मोग आसूं' म्हणतात, म्हणजे प्रेम असूं द्या. आपलें पत्रांतलें "लोभ असावा" आणि हें "मोग आसूं" एकमेकांशेजारीं ठेवून पाहा. एकाच घरच्या दोन बहिणी दिसतील.

आपण मराठी लोक मात्र निरोप घेतांना देवाचें नांव न घेतां एक निराळीच गोष्ट करतों. आपण जातों आणि म्हणतों, "येतों." घरचा माणूस 'जा' म्हणत नाहीं, तो म्हणतो, "या." परका मनुष्य हें ऐकून गोंधळून जाईल. तमिळ मनुष्य मात्र गोंधळणार नाहीं. तोही 'पोयिट्टु वरेन' म्हणतो, "जाऊन येतों". मलयाळींतही तीच रीत. 'जातों' हा शब्द आपण अखेरच्या जाण्यासाठीं राखून ठेविला आहे. माझे वडील रुग्णालयांत होते तेव्हां शेवटच्या संध्याकाळीं मीं "येतों, बाबा" म्हटलें. ते नेहमीं "ये" म्हणत. त्या दिवशीं त्यांनीं माझा हात धरला आणि कांहींच म्हटलें नाहीं. तो न उच्चारलेला शब्द मला अजून ऐकूं येतो.

सौजन्याच्या शब्दांची दुसरीही बाजू आहे. ती झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. इटालियन 'चाओ' आज मित्र मित्रास म्हणतो, परंतु व्हेनिसच्या बोलींत त्याचा मूळ अर्थ "तुमचा गुलाम" असा होता. तेथें तो अर्थ कोणास बोंचत नाहीं. आपल्याकडील 'जोहार' मात्र बोंचत असे. महार समाजाच्या माणसानें इतरांस जोहार घालावा आणि इतरांनीं तो नुसता घ्यावा, अशी आपल्या गांवगाड्याची रीत होती. ज्या नमस्कारास नमस्कारानें उत्तर मिळत नाहीं, तें सौजन्य नव्हे. तें जूं आहे. तें जूं फेंकून त्या समाजानें 'जय भीम' हा नवा नमस्कार घेतला, आणि त्यांत तोच शब्द दोन्ही बाजूंनीं म्हटला जातो. आणि पाहा, झारखंडचे आदिवासी बांधव हाच 'जोहार' शब्द एकमेकांस ताठ मानेनें म्हणतात. शब्द एकच, एकीकडे मान खालीं घालावयास लावणारा, दुसरीकडे वर करणारा. म्हणून शब्द कोणता हें जितकें महत्त्वाचें, तितकेंच तो कोण कोणास म्हणतो आणि उत्तर काय येतें हें महत्त्वाचें आहे.

शब्दांचा अतिरेकही नको. घरांत आईनें ताट वाढलें आणि मुलगा "थँक्यू" म्हणाला, तर आपल्या पिढीच्या बायकांस तें गोड लागत नाहीं. "आभार मानून मला परकी करूं नकोस" असें त्या म्हणतात. तेथें ताट पुसून जेवणें आणि "भाजी आज छान झाली" म्हणणें हेच आभार. उलट, रस्ता झाडणारी बाई, रिक्षावाला, आपल्या वाडींत राबणारा मजूर यांस आपण शब्दानें आभार मानीत नाहीं आणि कृतीनेंही मानीत नाहीं. हॉटेलांतल्या वाढप्यास थँक्यू आणि घरच्या मोलकरणीस नुसती मान हलविणें, हें सौजन्य पोशाखी आहे.

आतां माझी स्वतःची एक चूक सांगतों आणि संपवितों. आमच्या शेजारच्या घरांत केरळचें एक कुटुंब अकरा वर्षें भाड्यानें राहत होतें. बाई परिचारिका होत्या, रात्रपाळीस जात. माझी पत्नी आजारी पडली तेव्हां त्या महिनाभर रोज कामावरून परततांना आमच्याकडे येऊन इंजेक्शन देत. पैसे घेतले नाहींत. मी रोज "थँक्यू, सिस्टर" म्हणें, त्या "ओके, सर" म्हणत. अकरा वर्षांत आमचें संभाषण या दोन शब्दांपलीकडे गेलें नाहीं. मी भाषांचा शिक्षक!

एके दिवशीं सकाळीं त्या पायरीवर बसलेल्या दिसल्या. गांवीं त्यांच्या आई वारल्या होत्या. रात्रीं कामावर असतांना निरोप आला होता. मी कुंपणापाशीं उभा राहिलों. इंग्रजींत दोन वाक्यें बोललों, तीं मलाच पत्राच्या नमुन्यासारखीं वाटलीं. त्यांनीं मान हलविली आणि आंत गेल्या.

नंतर मीं माझ्या एका जुन्या मलयाळी विद्यार्थ्यास विचारलें, तुमच्याकडे एकमेकांस काय म्हणतात? त्यानें सांगितलें कीं, त्यांच्या घरांतून संध्याकाळची प्रार्थना झाली म्हणजे धाकटीं माणसें वडिलांपुढें जाऊन म्हणतात, "ईशो मिशिहाय्क्क् स्तुतियायिरिक्कट्टे", म्हणजे "येशू ख्रिस्ताची स्तुति असो"; आणि वडील उत्तर देतात, "इप्पोऴुम् एप्पोऴुम् स्तुतियायिरिक्कट्टे", "आतां आणि सदासर्वदा स्तुति असो". मी थक्क झालों. लहानपणीं वेदीसेवक असतांना शिकलेलें 'लाउदेतुर येसुस ख्रिस्तुस' आणि त्याचें 'इन सेकुला' हें उत्तर, तेंच हें! पोलंडांत व जर्मनींतही जुने लोक आपापल्या भाषेंत हाच नमस्कार करीत आले आहेत. आणि संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर वडिलांपुढें जाणें ही तर आमच्या घरचीच रीत. तेर्स झाल्यावर आम्ही भावंडें ओळीनें आजीपुढें आशीर्वादासाठीं उभीं राहत असूं. गोव्यांत यालाच 'बेसांव' म्हणतात; तो पोर्तुगीज 'बेंसांव' म्हणजे आशीर्वाद. सहाव्या शतकांत संत बेनेडिक्ट यांनीं आपल्या मठासाठीं जे नियम लिहिले, त्यांतही धाकट्या बंधूनें वडील बंधु भेटतांच आशीर्वाद मागावा असें सांगितलें आहे. आणि दारावर गरिबानें हांक मारली तर द्वारपालानें 'देओ ग्रासिआस', "देवाचे आभार", असें म्हणून त्यास उत्तर द्यावें, असाही नियम आहे. दार ठोठावणारा मनुष्य तसदी देत नाहीं, देणगी घेऊन येतो, हाच त्या उत्तराचा अर्थ.

पुढील रविवारीं मिस्सा आटोपल्यावर मी देवळाच्या पायरीवर थांबलों, आणि त्या बाई येतांच तें लांबलचक वाक्य म्हटलें. अर्ध्यावर अडखळलों. त्या प्रथम हंसल्या. मग त्यांनीं तें वाक्य हळू म्हणून मला दुरुस्त करून दिलें, आणि पुरें झाल्यावर उत्तर दिलें. त्यांचे डोळे भरून आले होते. त्या मराठींत म्हणाल्या, "सर, या देवळाच्या पायरीवर हें मला कोणीं पहिल्यांदाच म्हटलें." त्यांस इतकें चांगलें मराठी येत होतें, हेंही मला त्या दिवशींच कळलें. माझी भाषा त्यांनीं शिकून ठेविली होती, आणि मी कधीं ऐकिलीच नव्हती. त्याच वर्षीं मे महिन्यांत तें कुटुंब गांवीं परत गेलें. अकरा वर्षांपैकीं आमच्या वांट्यास तीन महिने आले.

बंधुभगिनींनो, आज आपल्या या देवळांत मराठी आहेत, कोंकणी आहेत, मलयाळी व तमिळ आहेत, आणि छोटानागपूरकडून वीटभट्टीवर व बांधकामावर आलेले बांधव मागच्या बांकावर बसतात. आपण त्यांस 'बाहेरचे' म्हणतों. मी समितीपुढें मोठी योजना मांडीत नाहीं. प्रत्येकानें आपल्या शेजारच्या बांकावरील माणसाच्या भाषेंतले दोनच शब्द शिकावे: एक भेटीचा आणि एक आभाराचा. गोंयकारास "देव बरें करूं" म्हणा. मलयाळी बांधवास "नन्दि" म्हणा. मागच्या बांकावरील बांधवास "जय येसु" म्हणा, कीं "जोहार" म्हणा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. उच्चार चुकेल, चुकूं द्या. चुकलेला उच्चार दुरुस्त करण्याच्या निमित्तानें समोरचा मनुष्य आपला गुरु होतो, आणि ज्यास आपण गुरु केलें तो परका राहत नाहीं.

आणि घरांत मुलांस 'प्लीज', 'थँक्यू', 'सॉरी' अवश्य शिकवा. ते चांगले शब्द आहेत. पण त्यांबरोबर 'तेवढें' शिकवा, 'येतों' शिकवा, आणि आजीपुढें उभें राहावयास शिकवा. कोणा मुलास आपल्या बापाच्या बोलीची लाज वाटून आगगाडीच्या दाराशीं उभें राहावें लागूं नये, एवढीच माझी इच्छा आहे.

आपण शांतपणें ऐकून घेतलेंत. माझ्या वडिलांच्या शब्दांत आपले आभार मानतों, आणि त्यांत 'तुझें' आलें तर आपण हंसणार नाहीं असा भरंवसा आहे: देव तुझें भलें करो. लोभ असावा. येतों.